आमचे चार लॅपटॉप आणि मुश्ताकभाई

आमच्या स्टाफरूममध्ये कुणी नुसतं "माझा लॅपटॉप..." एवढं म्हटलं, की बाकीचे तिघे हातातले पेन खाली ठेवतात. पुढचा तास बुडालाच म्हणून समजा! हे किस्से आम्ही काही ठरवून जमवले नाहीत. एकाच कंपनीचे चार लॅपटॉप घ्या, आपोआप जमतात.

मी वसमतकडच्या हट्टा गावाजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. खिल्लारे मॅडम. माझ्याशिवाय आमचे हेडसर, इतिहासाचे पतंगे सर आणि विज्ञानाच्या गायकवाड मॅडम, असे आम्ही चौघं. चौघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे लॅपटॉप घेतले. ही अक्कल हेडसरांची. ते म्हणाले, "सगळ्यांचं एकच मॉडेल घेऊ. एखाद्यानं चार्जर घरी विसरला तर दुसऱ्याचा चालतो!"

सरांचं म्हणणं खरं निघालं. चार महिन्यांत तीन चार्जर गेले आणि उरलेला एक चौघांना चालला.

हेडसर शिस्तीचे. त्यांनी वर्गाच्या वेळापत्रकाशेजारी दुसरा कागद लावला, "चार्जर वेळापत्रक". पहिला तास हेडसर, दुसरा तास गायकवाड मॅडम, तिसरा मी, मधली सुट्टी पतंगे सर. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो कागद नीट वाचला आणि विचारलं, "हा चार्जर कोणता विषय शिकवतो?"

पतंगे सर शांतपणे म्हणाले, "संयम!"

*

मग हेडसरांच्या लॅपटॉपची बिजागरी गेली. स्क्रीन उभी राहीना. सरांनी मागे पृथ्वीचा गोल लावला. गोल तो गोलच, हळूहळू मागे सरकायचा.

त्या दिवशी तालुक्याची ऑनलाइन मीटिंग होती. सर बोलत होते आणि स्क्रीन इंचाइंचानं मागे कलत होती. कॅमेऱ्यात आधी सरांचं कपाळ राहिलं, मग नुसते केस. सर हुशार, तेही स्क्रीनबरोबर खुर्चीत मागे मागे कलत गेले. पटनोंदणीचा मुद्दा येईपर्यंत सर जवळजवळ आडवे! एक हात टेबलाला धरलेला आणि आवाज मात्र एकदम ठणठणीत.

पलीकडून साहेब काळजीनं म्हणाले, "सर, तब्येत ठीक नसेल तर राहू द्या. झोपून कशाला बोलताय?"

सर म्हणाले, "न्हाई साहेब, मी बराबर हाये. कंपनी आजारी हाये."

*

त्या बिजागरीसाठी कंपनीनं इंजिनिअर पाठवला. बिचारा दोन एसट्या बदलून आला. बॅग उघडली, पार्ट काढला, लॅपटॉपला लावून पाहिला आणि परत बॅगेत ठेवला.

"काय झालं?"

"सर, ही डाव्या बाजूची आहे. तुमची उजवी मोडलीय."

शिव्या कुणाला द्यायच्या? तो तर उन्हातून आलेला. दिवस हुरड्याचे होते, म्हणून आम्ही त्याला पतंगे सरांच्या शेतात नेलं. गरम हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी. पोरगा पोटभर जेवला. जाताना म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नक्की उजवी आणतो."

पुढच्या आठवड्यात पुन्हा डावीच निघाली. त्या दिवशीही हुरडा झाला.

तिसऱ्या खेपेला तो बॅगेशिवायच आला. हेडसरांनी विचारलं, "पार्ट कुठाय?"

तो लाजून म्हणाला, "सर, पार्ट तर आलाच नाही. आज माझी सुट्टी आहे. आईला घेऊन आलोय, तिलाही हुरडा खायचा होता."

आम्हाला हसावं की काय कळेना. पण ती माउली जाताना प्रत्येकाच्या हातात एकेक लाडू ठेवून गेली. कंपनीकडून आम्हाला वेळेवर मिळालेली वस्तू तेवढीच!

*

आता सुमनचं सांगते, कारण खरा जीव तिथं अडकला होता.

सुमन आमची दहावीची मुलगी. घर मेंढपाळाचं, वडिलांना ती दादा म्हणायची. पाचवी-सहावीपासून तिची नजर कमी होत गेली आणि आठवीत पूर्ण गेली. ब्रेल तिला उशिरा मिळालं. बोटांनी वाचायची, पण एक पान संपेपर्यंत तास जायचा. मग आम्ही चौघांनी ठरवलं की तिची सगळी पुस्तकं आपण वाचून रेकॉर्ड करायची. मधल्या सुट्टीत, रिकाम्या तासाला, जमेल तसं. सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये. तिच्या फोनमध्ये जागा थोडी, म्हणून दर सोमवारी जुने धडे पुसून नवे भरून द्यायचे.

स्टुडिओ म्हणजे आमची स्टाफरूम. त्यामुळे धड्यांमध्ये घंटा, खोकला, खुर्ची ओढल्याचा आवाज, सगळं आलं. सुमननं तेही पाठ केलं! सराव परीक्षेत ती तोंडी सांगायची आणि नववीतली एक मुलगी लिहून घ्यायची. इतिहासाचा पेपर तपासताना पतंगे सर एकदम थांबले. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाला देशभरातून प्रतिनिधी आले. चहात साखर कमी टाका."

सरांनी सुमनला बोलावलं. "हे काय गं?"

"तुमीच बोललात सर. पाचव्या धड्यात."

सरांनी पूर्ण गुण दिले.

*

जानेवारीतल्या एका सोमवारी मी तिच्या फोनमध्ये धडे भरत होते. ती शेजारी बसली होती. एकदम मान तिरकी करून म्हणाली, "मॅडम, याला धाप लागून राहिली."

"कुणाला?"

"लॅपटॉपला. मेंढी आजारी पडायच्या आधी असाच दम घेती. आधी घासल्यावानी, मग टक्, मग गप. दादांना मीच सांगते कोणती मेंढी बाजूला काढायची ते."

मला तर पंख्याची नेहमीची घरघर ऐकू येत होती. मी म्हटलं, "लॅपटॉप आहे तो, मेंढी नाही." धडे पेनड्राइव्हवर घ्यायचे होते, तेही उद्यावर टाकलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला. बटण दाबलं तर साधा दिवाही लागेना. इतिहास, भूगोल आणि विज्ञानाचा दुसरा भाग, सगळं आत. वर्षभर चौघांनी वाचलेलं पुन्हा वाचायला वेळ कुठं होता? बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर! सुमनला सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी बोलले होते ना, मॅडम." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड. "मॅडम, आपला लॅपटॉप वॉरंटीत आहे. आम्ही विनामूल्य दुरुस्त करू."

"आतलं सगळं राहील ना?"

"दुरुस्तीपूर्वी डिस्क पुसली जाते, मॅडम. डेटाची जबाबदारी ग्राहकाची असते."

"आणि बाहेर कुणाकडून उघडून घेतला तर?"

"सील तुटलं की वॉरंटी संपते, मॅडम. मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

तिनं "आणखी" म्हटल्यावर मला रडूच फुटलं. मी फोन ठेवून दिला.

*

गायकवाड मॅडम म्हणाल्या, "वसमतला मुश्ताकभाईकडं चला." मी, त्या आणि सुमन, तिघी गेलो.

मुश्ताकभाईचं दुकान स्टँडच्या मागं. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, आता लॅपटॉप. त्यांची एक रीत आहे. काय बिघडलं ते आधी विचारत नाहीत. विचारतात, "आत काय आहे?" जे सांगाल ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपला चिकटवतात, आणि नंबर त्या पट्टीवरून लागतो! फळीवर रांग होती. "आत: नोकरीचे कागद". "आत: वडिलांचे शेवटचे फोटो". एकदम खाली, धूळ बसलेला, "आत: गेम".

आमच्यापुढं एक गृहस्थ चिडले होते. "भाई, महिना झाला! मी सगळ्यांच्या आधी आलो होतो."

मुश्ताकभाई डोकं वर न करता म्हणाले, "तुमी आधी आले, बराबर हाये. पन तुमच्या आत काय बी न्हाई."

मग आमच्याकडं वळून विचारलं, "बोला मॅडम, आत काय आहे?"

मी सांगायला लागले, पण नीट सांगता येईना. सुमननंच सांगितलं, "माझी दहावी हाये."

त्यांनी पट्टीवर लिहिलं, "आत: दहावी". हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "सील तोडू? फिर कंपनी वापस लेगी नहीं."

"तोडा," मी म्हटलं.

"बंद पडायच्या आधी आवाज कसा होता?"

मी म्हटलं, "घरघर." ते हसले. "मॅडम, घरघर तर माझी बी व्हते."

तेवढ्यात सुमन पुढं झाली. आधी खसखस घासल्यासारखा, मग टक्, मग एक लांब श्वास, आणि गप्प. तोंडानं हुबेहूब आवाज काढला! मुश्ताकभाईंचा स्क्रू ड्रायव्हर हवेतच राहिला.

"फिर से, बेटा."

तिनं पुन्हा काढला. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "पंखा अटकला. बोर्ड तापला. डिस्क सलामत असंल, इन्शाल्ला."

त्यांनी आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. आणि त्या छोट्याशा स्पीकरमधून पतंगे सरांचा आवाज आला, "राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाला..."

तो आवाज "चहात साखर कमी टाका"पर्यंत येईस्तोवर आम्ही तिघी रडत होतो. मुश्ताकभाई मात्र शेजारच्या टपरीकडं तोंड करून ओरडले, "चार चाय! एक में शक्कर कम!"

दोन दिवसांत लॅपटॉप सुरू झाला. धड्यांच्या दोन नकला त्यांनी स्वतःहून करून दिल्या, वर मला बजावलं, "मॅडम, लेकराचं ऐकत जा." त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आणि पंख्याचेही नाही. तो न घासता एकदम गेला असता, तर सुमनजवळ सांगायला काय होतं?

*

सगळ्यात भारी किस्सा मात्र निकालानंतरचा.

सुमन पास झाली. नुसती नाही, चांगली फर्स्ट क्लासमध्ये! पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिचे दादाही होते, मेंढ्या भावावर सोपवून आलेले. हेडसरांचा पेढा तोंडात जातोय तेवढ्यात माझा फोन वाजला. कंपनी! मी स्पीकरवर टाकला, पलीकडं तशीच एक गोड बोलणारी मुलगी.

"मॅडम, आपली फेब्रुवारीमधली तक्रार आम्ही बंद करत आहोत. आमच्या सेवेला आपण पाचपैकी किती गुण द्याल?"

हेडसर, पतंगे सर, गायकवाड मॅडम, तिघंही एकदम बोलायला उठले. पण सुमननं हात वर केला आणि मान तिरकी केली. ती मान मी ओळखली.

"ताई," ती फोनजवळ येऊन म्हणाली, "तुमी घरून बोलून राहिल्या का?"

"हो... पण आपण कोण?"

"तुमच्या म्होरं लॅपटॉप चालू हाये. त्याचा पंखा घासून राहिला. मधीच टक् करून राहिला."

पलीकडून कुकरची एक शिट्टी तेवढी ऐकू आली.

"कोणत्या कंपनीचा हाये, ताई?"

ती म्हणाली, "आमच्याच."

"मग लई दिस न्हाई टिकायचा."

आता त्या मुलीचा आवाज बदलला. शिकवलेली भाषा गळून पडली. हळूच म्हणाली, "अगं, मग कुठं दाखवू?"

"वसमतला. स्टँडच्या मागं, मुश्ताकभाई. लांब असलात तर पार्सल करा. पन आधी मला सांगा, आत काय आहे?"

दादा हातातला पेढा तसाच धरून फोनकडं बघत होते.

"माझ्या लेकराचे फोटो आहेत," ती म्हणाली. "जन्मल्यापासूनचे. दुसरीकडं कुठंच नाहीत."

सुमन म्हणाली, "मग काळजी करू नका, ताई. तुमचा नंबर पयला लागंल."