भिंगमास्तरची काळोखाची वही

गावात चष्म्याचं दुकान एकच होतं, म्हणून भिंगमास्तरचा तोरा गावाला सोसावा लागे. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ज्यांना ती पाटी वाचता येत नव्हती तेच तर त्याच्याकडे यायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की मास्तर त्याचा जुना चष्मा मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरून उजेडाकडे करी आणि विचारी, "शेवटचे डोळे कधी तपासले होते?"

"झाली असतील चार-पाच वर्षं," समोरचा पुटपुटे.

झालं. मास्तरच्या अंगात येई. "गाडीचं तेल दर सहा महिन्यांनी बदलता. दाढ ठणकली की धावत सुटता. डोळे मात्र फुकटात मिळालेत, नाही का?" समोरचा मान खाली घालून ऐकून घेई, कारण दुसरं दुकान बसने दोन तासांवर होतं.

गिऱ्हाइकांच्या खालोखाल त्याचा राग उजेडावर. दुकानाला कुलूप लावलं की तारे बघायला जायचं, हे त्याचं एकच व्यसन. गाव समुद्राकाठचं, लहानसं, आणि चहूबाजूंना काळोख चांगला घट्ट. पंधरा वर्षं पायपीट करून त्याने आसपासच्या नऊ जागा हुडकल्या होत्या: बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची गच्ची, टेकडीवरची पाण्याची टाकी, होड्या दुरुस्त करायच्या शेडची मागची बाजू, मिठागराचा बांध, अशा. सगळ्या एका वहीत उतरवलेल्या. ती वही तो कुणाला दाखवत नसे. दाखवली तर काय होईल हे त्याला पाठ होतं: टोळकं येईल, मोबाइलच्या बॅटऱ्या लावेल, आभाळाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढेल आणि "भारी आहे ना" म्हणत घरी जाईल.

जागा किती चांगली, हे ठरवायची त्याची रीत पक्की होती. थंडीत संध्याकाळी कृत्तिका वर येतात. बारीक ताऱ्यांचा एवढासा झुबका. त्यातले नुसत्या डोळ्यांनी किती मोजता येतात ते पाहायचं. सात दिसले तर जागा पहिल्या प्रतीची. सहा म्हणजे चालेल. पाचावर आली की वहीत काट.

मोजायचं काम बायकोचं. मास्तरचा स्वतःचा नंबर उणे नऊ, आणि त्या जाड भिंगांतून त्याला उभ्या जन्मात चारच तारे दिसले, तेही पापण्या बारीक करकरून. बायकोला चष्माच नव्हता. लग्न ठरवायला गेला तेव्हा तिने खिडकीत बसल्या बसल्या लांबच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचा काटा कुठे आहे ते सांगितलं होतं, आणि हा तिथेच खलास झाला होता. जगात ज्याला तो नावं ठेवत नसे असं हे एकच माणूस. "आमच्या घरातल्या डोळ्यांची बरोबरी नाही," असं तो चारचौघांत सांगे. डोळे जणू त्यानेच आणून बसवले होते.

तीन वर्षांमागे टाकीवर उभी राहून बायको म्हणाली, "सहा."

"नीट मोज. इथे सात असतात."

"सहाच आहेत हो."

पुढच्या थंडीत तिथेच पाच झाले. गच्चीवर पाच, शेडमागे पाच. मास्तर काट मारत गेला आणि दात-ओठ खात गेला. गुन्हेगार शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाने, किनाऱ्यावर लॉज काढलं होतं आणि पायऱ्यांना पांढरे दिवे लावले होते.

"भावोजी, दिवे नाही लावले तर पाहुणे पडतील की," मेहुणा समजुतीच्या सुरात म्हणाला.

"पडू देत. त्यांची डोकी फुटली तरी आतून काही सांडायचं नाही."

मेहुणा बापडा हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. त्याने उलट, पाहुण्यांना दाखवायला दोन-चार जागा सांगाल का, असंही विचारलं. मास्तरने वहीतल्या काट मारलेल्या जागा तेवढ्या त्याला सांगितल्या, आणि पुढेही काट पडली की ती जागा त्याला कळवत गेला. तुझ्या गिऱ्हाइकांना उष्टं आभाळ पुरे, असंही वर ऐकवलं.

त्याच सुमाराला घरात बायको दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली. टेबलाच्या कडेचे पेले तिच्या कोपराने खाली जात. "लक्ष कुठे असतं तुझं?" मास्तर खेकसे. एकदा ती म्हणाली, "मला घरातही हल्ली अंधुक वाटतं." यावर याचं उत्तर तयार. "वाटणारच. रस्त्यावरचा तो पांढरा दिवा रोज डोळ्यांत घुसतो. दिपलेत डोळे." दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीला जाडजूड पडदा ठोकला. मग बायको संध्याकाळी भिंतीला हात लावून चालू लागली, आणि हा पडद्याकडे बघून खूश.

यंदा वहीत काट न मारलेली एकच जागा उरली होती, मिठागराचा बांध. गावापासून सगळ्यात लांब, मैलभरात एक दिवा नाही. "इथे तुला सात दिसले, की मी या गावाला माफ केलं," असं तो चालता चालता म्हणाला. गावाने माफी मागितलेली नव्हती ही गोष्ट वेगळी. बायको कितीतरी वेळ मान वर करून उभी राहिली. त्याला कळत होतं की तिलाही सात हवे आहेत.

"चार," ती म्हणाली. "तेसुद्धा चारच असावेत असं वाटतं."

डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात मास्तरने काट मारली. घरी येऊन त्याने नगरपालिकेला चार पानी तक्रार खरडली आणि बायकोला बजावलं, "भावाची पायरी चढायची नाही. त्याने आपलं आभाळ खाल्लं." त्या महिन्यात बायको भावाकडे गेली नाही.

मग एका सकाळी त्याच लॉजवर उतरलेली एक साठीची बाई चष्म्याची दांडी हातात घेऊन दुकानात आली. काचांवर इतके ओरखडे, की मास्तरला गहिवरून आलं. इतकं सोपं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

"शेवटचे डोळे कधी तपासले होते?"

"आठवत नाही बाई. पण काम भागतं. काल लॉजवाल्यांनी त्या मिठागराच्या बांधावर नेलं होतं. काय आभाळ आहे हो तुमच्याकडे. कृत्तिकांचे सात तारे मोजले मी. आठवाही होता की काय, अशी शंका आली."

"शक्य नाही," मास्तर म्हणाला. "तिथे चार दिसतात."

"मी दोनदा मोजले."

"या ओरखड्यांतून?"

"हो, याच्यातूनच."

त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि निव्वळ खुन्नसीने तपासलं. डोळे अगदी सामान्य. गावातल्या कुठल्याही साठीच्या बाईचे असावेत तसे. तो अक्षरांच्या तक्त्याजवळ उभाच राहिला.

दुकानातली किरकोळ दुरुस्ती बायको करी; काउंटरवर ती दांडीला नवा स्क्रू बसवत होती. स्क्रू निसटला आणि तिच्या उजव्या हाताशी, वीतभर अंतरावर, उघड्या लाकडावर थांबला. मास्तरला उणे नऊमधूनही तो दिसत होता. बायकोने समोर पाहिलं, मग सगळं काउंटर तळहाताने चाचपायला सुरुवात केली. हात स्क्रूला लागला तेव्हा कुठे थांबली.

बाई गेल्यावर त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. बायकोला खुर्चीत बसवलं. "माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग." ही तपासणी तो दिवसातून दहांदा करी. त्याने तर्जनी तिच्या कानाच्या रेषेतून हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. गालाशी आणली. भुवईच्या कडेशी आणली. बायको निवांत त्याच्या नाकाकडे बघत होती.

"आणताय ना?" तिने विचारलं.

बोट जवळजवळ तिच्या नाकासमोर आलं तेव्हा ती म्हणाली, "हां, आता."

दुसऱ्या डोळ्याचंही तेच.

शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्या मुलीने विचारलं, "शेवटचे डोळे कधी तपासले होते?" बायकोने मास्तरकडे पाहिलं. ते त्यालाच ठाऊक असणार, असा तिचा समज.

"कधीच नाही," मास्तर म्हणाला. मुलीने मान वर न करता ते लिहून घेतलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उरलं आहे ते थेंब घालून राखू, म्हणाले. गेलं ते परत येत नाही. दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर बरंच काही वाचलं असतं.

बसथांब्यावर दोघं बाकावर बसली. औषधाची पिशवी बायकोच्या मांडीवर होती. काट मारलेल्या नऊ जागा, पडदा, मेहुणा, तक्रारीची चार पानं, सगळं मास्तरच्या डोक्यात गरगरत होतं. त्याने आवाज चढवून विचारलं, कारण दुसऱ्या आवाजात त्याला विचारता येत नव्हतं, "दिसत नव्हतं, तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते की," बायको शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दिवे वाढलेत. मला वाटलं, डोळ्यांतलं तुम्हाला जास्त कळतं."

बस यायला अजून वीस मिनिटं होती.