दुभाष्या झालेला राजा

नवरा गेल्यावर इलाकाकू देवधर साताऱ्याहून अमेरिकेत वेस्ट विंडसरला मुलाकडे, अंकुरकडे, राहायला आल्या. सून राधिका तिकडेच, पार्सिपनीत जन्मलेली. मराठी बोलायची, पण अडखळत. सासू-सुनेचं भांडण कधीच नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं.

दिवसभर रिकामं घर खायला उठायचं, म्हणून काकू लायब्ररीत जाऊ लागल्या. तिथे डोरोथी नावाच्या निवृत्त शिक्षिका इंग्लंडच्या जुन्या अँग्लो-सॅक्सन राजांच्या आणि संतांच्या गोष्टी सांगायच्या. काकूंना निम्मं कळायचं. तरी त्या जायच्या, आणि तोंड न उघडता परत यायच्या.

एका शनिवारी राधिका त्यांना न्यायला लवकर आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. डोरोथीबाई ऑस्वाल्डची गोष्ट सांगत होत्या. चौदाशे वर्षांपूर्वीचा राजा. त्याने आयरिश मठातल्या एडन नावाच्या साधूला आपल्या लोकांना ख्रिस्ती धर्म शिकवायला बोलावलं. पण एडनला तिथली भाषा धड येईना. मग राजा स्वतः शेजारी उभा राहिला आणि साधूचं बोलणं आपल्या सरदारांना समजावून देऊ लागला.

काकू एकदम मागे वळल्या. “राधिका, राजाला साधूची भाषा कशी येत होती? विचार ना त्यांना.”

राधिका गडबडली, पण उठून तिने विचारलं.

“त्याचा बाप लढाईत मारला गेला,” डोरोथीबाई म्हणाल्या, “तेव्हा तो लहान होता. पळून आलेल्या या पोराला त्या साधूच्याच लोकांनी आसरा दिला. तिथेच तो वाढला.”

“म्हणजे त्यांचं अन्न खाल्लं होतं त्याने,” काकू म्हणाल्या. “आमचे वडील गेले तेव्हा शेजारच्या मोमीनबाईंनी आम्हा भावंडांना असंच जेवू घातलं. महिनोन्महिने. अजून जेवायला बसले की त्या आठवतात मला.”

राधिकेने ते सगळं इंग्रजीत सांगितलं. डोरोथीबाई उठल्या आणि त्यांनी काकूंचा हात हातात घेतला.

गाडीत राधिका म्हणाली, “आई, हे तुम्ही मला कधी टेल... सांगितलं नाही.”

“कुणी विचारलंच नाही गं.”

त्यानंतर राधिका दर शनिवारी बरोबर जाऊ लागली. थंडीत डोरोथीबाई बर्फावर घसरून पडल्या, तेव्हा दोघी त्यांच्या घरी वरणभात घेऊन जायच्या. बाई चमच्याने वरण खात राजांच्या गोष्टी सांगायच्या. काकू मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायच्या, अडलं की राधिका होतीच.

परवा मी, त्यांच्या शेजारची, काकूंना भेटायला गेले. काकूंनी टोपी न घालता बाहेर पाऊल टाकलं, तर राधिका आतून ओरडली, “आई, काय हा वेडेपणा! सर्दी होईल ना!”

काकू माझ्याकडे बघून हसल्या. “देवाने खूप दिलं बाई मला. सून रागावतेसुद्धा मराठीतून.”