मावशीचं तहानलेलं रोप

भाजे गावच्या मावशीइतकी मायाळू बाई मी पाहिली नाही, आणि भाताच्या रोपाशी इतकी निष्ठुर वागणारीही. शेतकी खात्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत मी तिच्याकडे जेवायला होतो. मला आग्रह करकरून वाढणारी मावशी रोपाला मात्र घागरभर पाण्यासाठी चार-चार दिवस ताटकळत ठेवी.

दुपारी पानांची सुरळी झाली तरी ती ढिम्म हलायची नाही. सकाळी जाऊन पानं चाचपायची. "उलगडली न्हवं? मंग सोसतंय. सकाळीबी मिटलेलीच ऱ्हायली, तर पाणी." मी पुस्तकातलं सांगायला लागलो की म्हणे, "साह्येब, तुमी शिकला. आता रोपालाबी शिकू द्या की."

पाऊस लांबलेल्या त्या आषाढात ती लेकीच्या बाळंतपणाला सुदुंबऱ्याला गेली. घराचं वर्षाचं भात रोपांच्या त्या एका वाफ्यावर होतं. जाताना मला बजावलं, "निस्तं बघा. पाणी घालू नका." मला बघवेना. ओढ्यावरून रोज घागरी आणल्या, पण हात भरून यायचे, म्हणून अर्ध्या वाफ्यालाच पुरलो. तो अर्धा कसा हिरवागार झाला! मी मनातून खूश होतो.

लावणी झाली आणि पावसानं ओढ दिली. माझी लाडकी रोपं आठवड्यात माना टाकून पडली. मावशीची मात्र तगली.

"चुकलं, मावशी," मी कसंबसं म्हणालो.

"माया केली तुमी. माया करताना कुणी इचार करतंय व्हय?" एवढंच म्हणाली आणि पान वाढायला उठली. त्या वर्षी ती स्वतः नाचणीची भाकरी खायची. "मला हीच ग्वाड लागती," म्हणायची. मी गाढव, मला ते खरं वाटलं.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं, की तहान सोसताना रोप पेशींना जपणारी खास प्रथिनं तयार करतं, आणि पुढचा ताण त्यांच्या जोरावर निभावतं. मावशीला सांगायला धावत भाज्याला गेलो. मावशी राहिली नव्हती. सुनेनं चहा दिला, माझी ओळख पटल्यावर हसली.

"तुमी व्हय ते साह्येब! त्या वर्साला दिवाळीनंतर घरात भात शिजायचा तो तुमच्या ताटापुरता. आत्याबाईंनी आमाला शपथ घातलेली, साह्येबाला कळू द्यायचं न्हाई म्हणून."