रामबाई जंगलात पाहुणी गेली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता रामबाई कुमरेने घरात सांगून टाकलं, "मी आन् तुया बाप, आमी आठ दिवस फिरायले जाऊन राह्यलो. कर्नाटकात. तिकडच्या जंगलात."

दुर्गेश, तिचा मुलगा, गाडीची किल्ली शोधत होता. तो थांबला. "जंगलात? माय, दार उघडलं का जंगलच तं हाय आपलं."

"ते जळते," रामबाई म्हणाली. "मले न जळणारं पाह्यचं हाय."

तळेगाव श्यामजी पंतहून आत सात-आठ किलोमीटरवर, सागाच्या जंगलाला अगदी चिकटून त्यांचं गाव. रामबाईचं सारं आयुष्य वनखात्याच्या रोजंदारीवर गेलं. रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायच्या, पावसाआधी खड्डे खोदायचे आणि थंडी सरली की जाळरेषा साफ करायच्या. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात काढलेला मोकळा पट्टा. तिचा नवरा नत्थू आगीवरचा राखणदार. फागुन लागला की टेकडीवर बसून धूर हुडकायचा आणि दिसला की ओल्या फांद्या घेऊन धावायचं. असे सत्तावीस उन्हाळे त्याने काढले.

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यात एक आग दोन बाजूंनी आली. नत्थू आणि आणखी दोघे मधल्या नाल्यात अडकले. रामबाई दिवसभर जाळरेषेवर उभी होती. तिला कुणी पुढे जाऊ देईना आणि ती मागे हटेना. दिवस कलता कलता नत्थू बाहेर आला. भुवया जळालेल्या, डाव्या पायाची कातडी सोललेली. त्याच्या पायाला पट्टी बांधता बांधता रक्षा नावाची नवी वनरक्षक पोरगी बोलून गेली, "काका, मी ट्रेनिंगले कर्नाटकात गेलती ना, तिकडं असं जंगल हाय का खालचा पाचोळा बारा महिने ओला राह्यते. काडी लावली तरी पेटत नाई."

नत्थू दुखण्यातही हसला. "असं कुठं राह्यते का, बाई?"

तो विसरून गेला. रामबाई विसरली नाही. लेकीचं लग्न, दुर्गेशचं लग्न, घरावरची टिनं, यात वर्षं गेली. या वर्षी नत्थूने राखणदारी सोडली आणि तिने ठरवलं, आता.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. रूपराव, नत्थूचा चुलतभाऊ, ओसरीवर येऊन बसला. "वयनी, जायचं तं कचारगडले जा. देवाचं तरी होईल. ह्या वयात जोडीनं फिरायले जाणं, लोकं हासून राह्यले."

"हासू द्या," रामबाई म्हणाली. "देवाले मी दरसाल जातो. देव काई मले नाई म्हणत नाई. तुमीच काऊन म्हणून राह्यले?"

दुर्गेशला हसण्यापेक्षा भीती जास्त होती. भाषा येत नाही, हरवाल, बापाला दम लागतो. पण सून अंजूने मोबाइल काढला. तिने चार दिवस शोधून एक जागा काढली. मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या चार झोपड्या, वीज नाही, भोवती सदाहरित जंगल, एक झोपडी थेट ओढ्याच्या काठी. "आत्याबाई, हे पाहा," ती म्हणाली.

रामबाईने ओढ्याकाठच्या झोपडीवर बोट ठेवलं. "हेच."

नागपूरहून बंगळुरू, तिथून शिवमोग्गा, मग घाटातली बस आणि शेवटी एक जीप. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं पोचले तेव्हा पाऊस असा पडत होता की जीपमधून उतरून छपरापर्यंत जाईतो नत्थूचं धोतर गुडघ्यापर्यंत चिंब झालं. रामबाईच्या डोक्यावर कापडी पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला.

छपराखाली टेबलाशी मॅनेजर बसला होता, पस्तिशीचा असेल. त्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "लेबर का रास्ता पीछे से है. उधर शेड में बैठो."

नत्थूने पिशवी उचलली आणि तो मागच्या बाजूला चालू लागला.

गावी परतल्यावर रामबाईने मला हे सांगितलं तेव्हा ती मॅनेजरबद्दल फार बोलली नाही. नत्थूबद्दलच बोलली. "असा मागं वयला जी तो, कोणी हाकललं म्हणून नाई. त्याले ते बरोबरच वाटलं. जनमभर मागच्याच दारानं गेलो ना आमी. मले त्या मॅनेजरचा राग नाई आला, ह्या माणसाचा आला."

"थांबा तुमी!" ती ओरडली. नत्थू थांबला. रामबाई टेबलासमोरच्या वेताच्या खुर्चीत बसली, ओल्या लुगड्यासकट. पदराच्या गाठीतून तिने अंजूने छापून दिलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"हम काम करने नहीं आए," ती म्हणाली. "रहने आए हैं. चार रात. नदीवाला घर."

मॅनेजरने कागद वाचला. त्याचा चेहरा उतरला. त्याने माफी मागितली, टॉवेल मागवले, चहा मागवला. पण मग म्हणाला, ओढ्याकाठची वाट निसरडी आहे, जळवा फार, तुमच्या वयाला जमणार नाही. इथे स्वयंपाकघराला लागून एक पक्की खोली आहे, तीच घ्या.

"वो घर में कौन है?"

"अभी कोई नहीं. लेकिन शाम को दूसरे गेस्ट…"

"तो हम जाते हैं." रामबाई उठली. "मेरे को जंगल में चलना मत सिखाओ, भाऊ. रस्ता दिखाओ."

मॅनेजरने थोडा वेळ टेबलावरच्या वहीत पाहिलं, मग खुंटीवरचा कंदील काढून स्वतःच पुढे निघाला. रामबाईने चपला हातात घेतल्या आणि अनवाणी उतरली. घसरला तो मॅनेजर. नत्थूने त्याला दंडाला धरून उभं केलं.

झोपडीत दोन खाटा, एक मटका, भिंतीला शेणाचा वास. बाहेर बांबूच्या ओट्यावर बसलं की खाली ओढा दिसायचा आणि वर झाडं, इतकी उंच की शेंडा पाहायला मान मोडावी लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू उठून झाडांखाली गेला. वाकून त्याने दोन्ही हातांनी पाचोळा उचलला. वरचा, मग खालचा, मग त्याच्याही खालचा, काळा झालेला. मुठीत धरून पिळला. बोटांतून पाणी गळलं. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा पिळला.

"दुर्गेशची माय," तो म्हणाला, "हे खरंच नाई जळत."

पोटरीला दोन जळवा लागल्या होत्या, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो तिथेच ओल्या जमिनीवर बसला आणि रडला. रामबाईने त्याला रडू दिलं. मग जळवा उपटून काढल्या.

त्या दुपारी स्वयंपाकाची बाई गिरिजम्मा जेवण घेऊन आली, ती लांबच्या वाटेने. कारण हाताने दाखवत म्हणाली, "मर बिद्दिदे." वाटेवर झाड आडवं पडलं होतं. रामबाईने कान टवकारले. तिने ओढ्याकाठच्या झाडावर हात ठेवला. "मर?"

"मर," गिरिजम्मा म्हणाली.

रामबाईच्या घरच्या बोलीत, गोंडीत, झाडाला मरा म्हणतात. तिने स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं, "कन?" गिरिजम्मा म्हणाली, "कण्णु." हात पुढे केला, "कै?" गिरिजम्मा हसायला लागली, "कै! कै!" अर्धा तास दोघी एकमेकींना वस्तू दाखवत राहिल्या. बरेच शब्द जुळले नाहीत. जे जुळले, त्यावर दोघी टाळ्या देत होत्या. भात थंड झाला.

घरी दुर्गेश शाळेत जायला लागला तेव्हापासून नवरा-बायको गोंडी हळू आवाजात बोलत. मास्तर हसतात, पोरं चिडवतात म्हणून त्यानेच तसं सांगितलं होतं. त्या दुपारपासून रामबाई ओट्यावर बसून मोठ्या आवाजात गोंडीत बोलायला लागली. शेजारच्या झोपडीतलं शहरी जोडपं वळून बघे. तिने आवाज कमी केला नाही.

चौथ्या दिवशी दुर्गेशचा फोन आला, मॅनेजरच्या मोबाइलवर. सोयाबीन पिवळं पडलं आहे, शेंगा फुटण्याआधी कापायला माणसं लागतील, ठरल्याप्रमाणे उद्याच निघा.

"उद्या नाई, परवा," रामबाई म्हणाली.

"माय, सोयाबीन थांबते का?"

"तुले दोन हात हायेत. अंजूले दोन हायेत. तुया बाप आज ओढ्यात पोहून राह्यला, पयल्यांदा पाह्यलं म्या त्याले पोहतानी. परवा येतो." आणि तिने फोन परत दिला. मॅनेजरने एक दिवस वाढवून दिला. त्याचे पैसे मात्र तिने पूर्ण दिले. मेहेरबानी नको, असं तिने त्याला हिंदीत सांगितलं.

परत आल्यावर दुर्गेश दोन दिवस धड बोलला नाही. सोयाबीन कापून झालं, फार काही बिघडलं नव्हतं, तरी त्याचं म्हणणं आजही तेच आहे की हे सगळं फुकटचं होतं. रामबाई त्याला समजावत बसत नाही.

रूपरावने मात्र एकदा चौकात नत्थूला छेडलं, "काय मंग, झाला का हनिमून?"

रामबाई सोबत होती, पण तिला बोलायची वेळच आली नाही. नत्थूच म्हणाला, "झाला. तू बी तुया बायकोले घेऊन जाजो. तिनं आर्वीच्या पलीकडं काई पाह्यलं नाई अजून." रूपरावची बायको शेजारीच भाजी घेत होती. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि ती बराच वेळ तशीच पाहत राहिली.

दिवाळीनंतर एका दुपारी ती रामबाईच्या ओसरीवर आली. तिच्यासोबत गावातल्या आणखी दोघी होत्या. त्यांना समुद्र बघायचा होता. नवरे आले तर ठीक, नाही आले तरी जायचं होतं. अंजू मोबाइल घेऊन बाहेर आली, तेव्हा रूपरावच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, "बाई, तिथं पुढच्या दारानं जाऊ देतात ना?"

"देतात," रामबाई म्हणाली. "नाई दिलं तं खुर्ची पाहायची आन् बसायचं."