दार लावलं की काही ऐकू येत नाही

गाडी घ्यायला नागपूरला गेलो त्या दिवशी मी तिचं दार पाच-सहा वेळा उघडून पुन्हा लावलं. शोरूममधल्या माणसाला ते विचित्र वाटलं असावं. मला दाराचा आवाज ऐकायचा होता. हलक्या गाडीचं दार लावलं की पत्रा वाजतो. हे दार 'थप' असं बसत होतं आणि बसलं की बाहेरचं सगळं बंद. काचा दोन थरांच्या, मध्ये पातळ पडदा. रस्त्यावर ट्रक हॉर्न देत होते आणि आत मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मजबुती मोजणं हा माझा धंदा आहे. पांढरकवड्याला हायवेजवळ माझी बांधकाम साहित्य तपासायची लॅब आहे आणि लॅबला लागून घर. आसपास कुठे पूल, रस्ता, शाळेची इमारत होत असली की तिथल्या काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे माझ्याकडे येतात. ते अठ्ठावीस दिवस हौदातल्या पाण्यात ठेवायचे, मग मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहून द्यायचं. 'चांगलं दिसतं' असे शब्द माझ्या रिपोर्टात नसतात.

गाडीलाही मी हाच न्याय लावला. साडेचार वर्षांत ती शहाण्णव हजार किलोमीटर चालली. नवी असताना पूर्ण चार्जवर चारशे वीस किलोमीटर जायची, आता तीनशे नव्वद जाते. टायर एकदा बदलले. ब्रेकचे पॅड अजून पहिलेच आहेत, कारण वेग कमी करायचं काम बहुतेक मोटारच करते. केळापूरकडच्या खडीच्या रस्त्यांवर इतकी फिरूनही डॅशबोर्ड कधी खडखडला नाही. कोणी विचारलं की मी हे आकडे सांगत असे आणि शेवटी दार लावून दाखवत असे.

एकच गोष्ट मी लोकांना सांगत नव्हतो. डिसेंबरात कळंबच्या अलीकडे डॅशबोर्डच्या पडद्यावर लाल अक्षरं आली, गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा. मी थांबवली, बंद केली, पुन्हा चालू केली, अक्षरं गेली. नागपूरला नेली. दोन दिवस ठेवून त्यांनी लिहून दिलं, दोष आढळला नाही. आमच्या धंद्यात ठोकळा वेळेआधी फुटला तर त्याला कारण असतंच. कारण सापडलं नाही याचा अर्थ ते अजून आतच आहे. तिथल्या माणसाने समजावून सांगितलं ते एवढंच: चाकं फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी. दारांची कुलपं, काचा, पडदा हे सगळं एका छोट्या, साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, आणि मोठी बॅटरी तिला एका डब्यातून वीज देत राहते. तो डबा गेला तर टाकी भरलेली आणि नळ बंद, अशी गत. त्या दिवसापासून गाडीत बसताना माझं लक्ष रस्त्यापेक्षा पडद्यावर जास्त असायचं.

पण मी घाबरत होतो ते रस्त्यावर बंद पडण्याला. शेडमध्ये उभ्या गाडीची भीती मला वाटली नव्हती.

वडील आमच्याजवळ असतात. एसटीत ड्रायव्हर होते, वय ऐंशीच्या पुढे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांना ऊन लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे दुपार गारव्यातच गेली पाहिजे, पुन्हा असं झालं तर शरीर सोसणार नाही. आणि आमच्या भागातलं ट्रान्सफॉर्मर नेमकं मे महिन्यातल्या दुपारीच बंद पडतं. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी चालत नाही. मी हिशेब केला. गाडीच्या बॅटरीत सत्याहत्तर युनिट वीज मावते, उभ्या गाडीचा एसी तासाला एक-सव्वा युनिट घेतो. वीज गेली की बाबांना गाडीत झोपवायचं हे मीच ठरवलं.

त्यांना ते आवडलं होतं. पुढची डावी सीट पार मागे जाते, पायाखाली फळी येते. कानाचं मशीन काढून खिशात ठेवायचे आणि घोरायचे. शेजारचे विचारायचे, "बाबा, दुपारी कुठी गेलते?"

"चिखलदऱ्याले गेलतो," बाबा सांगायचे. "पोरानं शेडातच हवा खायची सोय केली. तीस वर्सं इंजिनाच्या बाजूले भाजलो, आता फ्रीजमंधी ठेवून राह्यला मले."

या मे महिन्यात एक दिवस वीज साडेअकरालाच गेली. जेवणं झाल्यावर मी बाबांना गाडीत बसवलं, एसी लावला, दार लावलं. किल्ली खिशात घेऊन लांब गेलं की गाडी आपोआप कुलूप लावते. मी लॅबमध्ये येऊन जुन्या हातपंपाच्या मशीनवर एका पुलाचे ठोकळे फोडत बसलो.

हात धुवायला बाहेर आलो आणि सहज शेडकडे पाहिलं. एसी चालू असला की गाडीखाली थेंब थेंब पाणी पडतं, फरशीवर ओला डाग असतो. डाग नव्हता. मला वाटलं, नीट दिसलं नसेल. जवळ गेलो. फरशी कोरडी होती आणि गाडीच्या पुढून येते ती बारीक घरघर येत नव्हती.

किल्लीचं बटण दाबलं. या गाडीची हँडलं दारात सपाट बसलेली असतात, बटण दाबलं की बाहेर येतात. आली नाहीत. पुन्हा दाबलं. मोबाइलवरचं अॅप उघडलं, गाडीशी संपर्क नाही असं आलं. खाली शेवटचा संपर्क कधी झाला ती वेळ होती. मी पाहिली नाही. समोर असलेला आकडा मी मुद्दाम पाहिला नाही, असं आधी कधी झालं नव्हतं.

बाबा आत उताणे झोपले होते. तोंड थोडं उघडं. मी काचेवर थापा मारल्या, हाका मारल्या. ते हलले नाहीत. कानाचं मशीन खिशात होतं, आणि कानात असतं तरी या काचेतून काय ऐकू गेलं असतं.

किल्लीच्या आत एक छोटं लोखंडी पातं असतं. ड्रायव्हरच्या हँडलची एक बाजू दाबली की त्यामागे भोक दिसतं, त्यात घालून फिरवायचं. मला ते माहीत होतं, गाडीसोबत आलेलं पुस्तक मी पूर्ण वाचलं होतं. पातं अर्धंच गेलं. काढून पाहिलं तर टोकाला करडी भुकटी. साडेचार वर्षं गाडी लॅबच्या अंगणात उभी राहिली, दर आठवड्याला पाण्याने धुतली. उडालेलं सिमेंट त्या भोकात गेलं, भिजलं आणि दगड झालं. मी जोर लावला. पातं वाकलं.

हेल्पलाइनला फोन लावला. बाई शांतपणे म्हणाली, नागपूरहून व्हॅन निघेल, तीन तास धरा. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं आणि शेडवर पत्रा.

अंगणात कुंड्यांना आधार म्हणून फोडून झालेले ठोकळे ठेवलेले असतात. त्यातला जरा धड असलेला एक मी दोन्ही हातांनी उचलला. आठ किलोचा असतो. बाबांच्या अंगावर काच पडू नये म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला गेलो आणि मारला. ठोकळा उलट येऊन माझ्या पायाशी पडला. काचेवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. दुसऱ्यांदा मारला तेव्हा तडे गेले, पण काच पडली नाही. मधल्या पडद्याने सगळे तुकडे धरून ठेवले. काच पांढरी झाली आणि त्या बाजूने आता बाबा दिसेनात. मी पैसे मोजून मजबुती विकत घेतली होती आणि ती तिचं काम करत होती.

आवाज ऐकून बायको धावत आली. "काय करून राह्यले तुमी?"

"गाडी बंद पडली. बाबा आत हायेत."

ती डाव्या बाजूला गेली, दोन्ही हात डोळ्यांशी लावून आत पाहिलं. "जागे झाले," ती सासऱ्यांकडे बघत म्हणाली. "पण मामाजींची नजर ठीक नाई दिसून राह्यली."

मीही तिकडे धावलो. ठोकळ्याच्या हादऱ्याने ते उठले होते. सदरा छातीला चिकटला होता, चेहरा लाल. मला पाहून त्यांचे ओठ हलले, रागावले असावेत. त्यांनी काचेचं बटण दाबलं. काही झालं नाही. आतलं हँडल एकदा ओढलं, दार उघडलं नाही, सोडून दिलं.

त्या क्षणी मला पुस्तकातलं ते पान आठवलं. आतलं हँडल विजेवर नाही, सायकलच्या ब्रेकसारखं नुसत्या तारेवर आहे. पहिल्यांदा ओढलं की कुलूप सुटतं, दुसऱ्यांदा ओढलं की दार उघडतं. बाबांनी फक्त आणखी एकदा ओढायला हवं होतं.

मी ओरडलो, "दोनदा, बाबा, दोनदा." मग दोन बोटं दाखवली. त्यांनी मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं, तिथे कोणी दोघं आहेत का म्हणून. मी हँडल ओढल्यासारखं केलं. त्यांना वाटलं मी बाहेरून उघडतोय, म्हणून ते वाट पाहत राहिले. मग डोळे मिटू लागले. बायको काचेवर दोन्ही तळहात आपटत होती आणि तिची हाक फक्त मला ऐकू येत होती.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या एसटीत बसून जायचो. कंडक्टर छताजवळची घंटीची दोरी ओढायचा. एकदा वाजली की थांबा. दोनदा वाजली की बाबांचा हात गिअरवर जायचा, मागे न पाहता, बोलणं न थांबवता. मला हे काही विचार करून सुचलं नाही. माझा हात आपोआप डोक्यावर गेला आणि मी नसलेली दोरी ओढली. एकदा. दोनदा.

बाबांनी डोळे उघडून माझ्या हाताकडे पाहिलं. मी पुन्हा ओढली, एकदा, दोनदा. त्यांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, गिअरकडे जातो तसा. त्या सीटच्या डावीकडे दार होतं. हात हँडलवर पडला. ओढलं. मी वर दोरी ओढली. त्यांनी पुन्हा ओढलं.

दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली. भट्टीचं झाकण काढावं तशी.

दोघांनी धरून त्यांना लॅबमध्ये नेलं. ठोकळ्यांच्या हौदातलं पाणी गार असतं, त्यात चादर भिजवून अंगावर टाकली. बायको चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. बऱ्याच वेळाने ते बोलले.

"काच कायले फोडली बे?"

"दार उघडून नव्हतं राह्यलं, बाबा."

"तू डबल बेल मारली. मले वाटलं, गाडी सोडाची हाये." चमचा बाजूला सारून म्हणाले, "आन गाडी तं बंद."

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत सलाइन लावलं, हृदयाचा आलेख काढला, ठीक म्हणाले. व्हॅन आली, गाडी नागपूरला गेली. वीज देणारा तो डबा बदलला, छोटी बॅटरी बदलली, काच बसवली, कुलपाचं भोक साफ केलं. कागदावर लिहून आलं, दोष दूर केला. मी कागद वाचला आणि मला डिसेंबरातला कागद आठवला. तोच कागद, तसाच शिक्का.

तेव्हापासून ते दार मी कोणाला लावून दाखवत नाही. एकटा असलो की आत बसल्याबरोबर आधी हँडल दोनदा ओढून बघतो. मोठं इन्व्हर्टर सांगून ठेवलं आहे. ते येईपर्यंत मे महिना थांबणार नव्हता.

परवा दुपारी पुन्हा वीज गेली. बाबा ओसरीवर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले होते.

"चाल, गाडी काढ."

"आज खोलीतच थांबा, बाबा. चादरी भिजवून लावतो."

"तिथं उकडून मरू का?" ते म्हणाले. "इथं मरू का तिथं मरू, यवढंच तं इचारून राह्यलो." बायको हसली. मी हसलो नाही, कारण मलाही दुसरं काही विचारायचं नव्हतं. थर्मामीटरवर खोलीत एक्केचाळीस होतं.

ते स्वतःच चालत शेडमध्ये गेले, सीटवर बसले, एक चप्पल काढली आणि दाराच्या फटीत अडकवली. मग कानाचं मशीन खिशात टाकून आडवे झाले. दार चार बोटं उघडं. गार हवा फटीतून बाहेर येऊन माझ्या पायाला लागत होती, पडद्यावरची टक्केवारी रोजच्यापेक्षा वेगाने उतरत होती, आणि दार लागलेलं नाही म्हणून गाडी सारखी टिंग टिंग करत होती.

मी स्टूल घेऊन फटीजवळ बसलो. तो आवाज बंद कसा करायचा ते मला माहीत आहे, पुस्तकात आहे. मी केला नाही. आवाज येतोय म्हणजे छोटी बॅटरी जिवंत आहे. बाबांना तो ऐकू येत नव्हता, ते घोरत होते.

हायवेवरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक गेला. त्याच्या घरघरीत टिंग टिंग ऐकू येईनाशी झाली. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो आणि ट्रक लांब जाईपर्यंत चपलेवर हात ठेवून थांबलो.