दोनची लाइट, अठ्ठेचाळीस गाणी आणि माझ्या नऊ ओळी

सेनगावात आमच्या कॉम्प्युटर क्लासची लाइट दुपारी दोनला जायची. 'दोन हजार पाचचा उन्हाळा' असं लिहिणार होते, पण जुनी डायरी काढून पाहिली... सहाचा होता.

मी नुकतीच बीएस्सी होऊन तिथे शिकवायला लागले होते. चार मशीन, त्यातल्या एकावर पुण्याच्या मैत्रिणीने पोस्टाने पाठवलेल्या सीडीवरचं लिनक्स. यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली... म्हणून मी एक नियम केला होता. दोन वाजत आले की टाळी वाजवायची आणि ओरडायचं, "सेव्ह करा!" सगळे एकदम सेव्ह करायचे आणि लगेच पंखा थांबायचा. या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरचे एक गुरुजी सुट्टीत रोज जीपने यायचे. त्यांच्या आईला लग्नातली आणि तीजेच्या सणाची कितीतरी गाणी पाठ होती. सकाळी आईकडून दोन गाणी ऐकायची, दुपारी येऊन त्या लिनक्सच्या मशीनवर टाइप करायची. वहीत का लिहीत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "कम्प्युटरात हायेत ना, ताई. वही उंदरं खातेत."

अठ्ठेचाळीस गाणी झाली होती. एके दिवशी त्यांनी फाइल उघडली आणि नुसते बघत राहिले. "ताई, कोरं दिसून राहिलं..."

फाइल होती, नाव होतं. आत काहीच नव्हतं.

मी म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल." ते "आसंल" म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

चौथ्या दिवशी त्याच मशीनवरची माझीच प्रश्नपत्रिका कोरी निघाली. मी तर काहीच दाबलं नव्हतं... डायरीत त्या तारखेला एकच ओळ आहे: 'न तपासता एका माणसावर ढकललं.'

टाइप करायचा तो प्रोग्राम मोफत होता आणि त्याचा कोड त्याच सीडीवर होता. कॉलेजात शिकलेली सी भाषा म्हणजे दोन पानांचे प्रोग्राम, हा तर हजारो ओळींचा. पण वाचायला लागले आणि थक्क झाले. कुणा परक्या माणसाने आपलं सगळं काम उघडं ठेवलं होतं, मध्ये मध्ये चिठ्ठ्याही लिहिल्या होत्या... 'इथे जपून', 'हे मला नीट कळलेलं नाही'. आणि सेव्ह करायच्या भागावर लिहिलं होतं, 'यापेक्षा चांगलं कुणाला सुचलं तर सांगा.'

ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल! 'कुणाला'मध्ये सेनगावची मी येते का, हेच ठरेना.

दोष साधा होता. प्रोग्राम आधी जुनी फाइल रिकामी करायचा, मग नवा मजकूर लिहायचा. स्क्रीनवर 'सेव्ह झालं' दिसलं तरी तो डिस्कवर पोचायला काही सेकंद लागायचे, आणि एखाद्या दिवशी नेमक्या त्याच सेकंदांत आमची लाइट जायची. म्हणजे घात केला तो माझ्या टाळीने.

मी आठ ओळी लिहिल्या. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा, तो पूर्ण झाला की तिला जुनं नाव द्यायचं. मग हिंगोलीला जाऊन इंटरनेट कॅफेतून पाठवल्या. आठवड्याने उत्तर आलं. प्रोग्राम सांभाळणारे गृहस्थ लिहीत होते की हा दोष त्यांना तिकडे दिसतच नाही, त्यांच्या गावात शेवटची लाइट कधी गेली ते त्यांना आठवत नाही. तरी त्यांनी माझी ओळ न् ओळ वाचली होती. मजकूर डिस्कवर पोचेपर्यंत थांबायची एक ओळ मी विसरले होते, तीही दाखवली. शेवटी विचारलं होतं, आभाराच्या यादीत कुणाचं नाव लिहू?

तेव्हा मी तांड्यावर गेले. आधी माफी मागितली, मग त्या यादीत त्यांचं नाव घालू का, विचारलं. गुरुजी म्हणाले, "माझं काहून? म्या तर निस्तं गमावलं."

त्यांची आई शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "कितीक दिवस झाले, पोरगं तोंड पाडून बसलं. आरं, मशिनीतून गेलं, माझ्या पोटातून गेलं का? मला इचार की!"

गुरुजी पुन्हा यायला लागले. अकरा गाणी झाल्यावर मी नऊ ओळींचा नवा कोड त्या मशीनवर टाकला आणि म्हटलं, तपासायला खोटी फाइल घेऊ. ते म्हणाले, "न्हाई ताई, हीच घ्या. खोट्यावर काय भरोसा?" मी त्या अकरा गाण्यांची फ्लॉपीवर कॉपी काढू लागले, तर तेवढं चालेल म्हणाले.

त्यांनी सेव्ह दाबलं, मी मेन स्विच पाडला. वर केला. ते जुनं मशीन सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचं.

अकराही होती. गुरुजींनी एकेक मोजून पाहिलं, आणि मग बारावं सुरू केलं.

आभाराच्या त्या यादीत मी दोन नावं लिहायला सांगितली, आधी गुरुजींचं, मग माझं. पुढे कामाच्या निमित्ताने खूप कोड लिहिला, पगारही मिळाला. पण परवा ती यादी पुन्हा उघडली आणि हात जोडावेसे वाटले... ज्या माणसाने कधी अंधार पाहिला नव्हता, त्याने आमच्या अंधारावर विश्वास ठेवला होता.