बहुधा लिहिणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका खात्रीला घाबरणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. हे वाक्य त्यांनी वाचलं असतं तर लगेच विचारलं असतं, “जावईबापू, अख्खा जिल्हा फिरलात का?”

किहीमला त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर ते अलिबागच्या एका साप्ताहिकात गावच्या जुन्या गोष्टी लिहू लागले. त्यात ‘बहुधा’, ‘असावे’, ‘ऐकिवात आहे’ यांची इतकी दाटी, की मूळ हकीकत बिचारी कोपऱ्यात अंग चोरून उभी! आमच्या लग्नपत्रिकेचा मजकूरही त्यांचाच. ‘विवाह योजिला आहे’च्या आधी त्यांनी ‘काही अडचण न आल्यास’ घातलं. सासूबाई दोन दिवस भावाशी बोलल्या नाहीत.

एकदा मी फारच थट्टा केली, तेव्हा ते म्हणाले, “तरुणपणी मी वर्तमानपत्राला गावच्या बातम्या धाडायचो, त्याही छातीठोक. एक होडी बुडाली. होडी हाकणारा तांडेल दारू प्यायला होता, असं छापून मोकळा झालो. पुढे होडीची फळीच कुजलेली निघाली. तोवर तो बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला होता. ‘कारण कळलेले नाही’, एवढंच खरं होतं हो. तेवढे तीन शब्द मला सुचले नाहीत.”

मग मी थट्टा सोडली.

दोन वर्षांपूर्वी जागेच्या कुणी नव्या मालकाने किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या कोळणींना मैलभर वळसा पडू लागला. अलिबागला तहसीलदारसाहेबांपुढे चौकशी लागली. जुना जाणता साक्षीदार म्हणजे मामाच. निघताना एक म्हातारी कोळीण त्यांना म्हणाली, “गुरुजी, तुमचं ता बहुधा आज घरी ठेवा. वाट हाय म्हंजे हाय!”

जबाब लिहिताना मामांनी चार कागद फाडले. पाचव्यावर दोनच ओळी होत्या : ‘ही वाट माझ्या लहानपणापासून आहे. मी तिच्यावरून चाललो आहे.’

साहेबांनी विचारलं, “नक्की?”

मागच्या बाकावरून मी आणि कोळणी पुढे वाकलो.

“नक्की,” मामा म्हणाले. मग घाईघाईने, “रुंदी मात्र मोजलेली नाही.”

महिन्याभरात कुंपण निघालं. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा प्रवास. एसटीत मामा खिडकीबाहेर बघत होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, “खरं होतं, तरी बोलताना भीती वाटली.”

मी त्यांचा हात हातात घेतला. गार पडला होता. त्यांचा हात धरावा, हे इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं. आणि त्यानंतर मामा फार दिवस जगले नाहीत.